तीन अंगणांतला पाऊस

१

सकाळी सातला पाऊस मोजायचा म्हणजे सातलाच. सहा एकोणसाठला नाही आणि सात वाजून एकलाही नाही. झोफ्का कावचिच एकतीस वर्षं हा नियम पाळत आली होती. लग्नाचा वाढदिवस ती एकदोनदा विसरली असेल, सातचं वाचन कधीच नाही. काम फुकटचं होतं. हवामान खात्याकडून नाताळात एक कॅलेंडर यायचं, तेही गेली दोन वर्षं आलं नव्हतं.

कुणाला हा पोरखेळ वाटेल. अंगणात खांबावर पत्र्याचा एक उभा डबा, त्याला वर गोल तोंड. आत साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, मिलिमीटर वाचायचे, वहीत लिहायचे आणि पाणी फेकून द्यायचं. त्या डोंगराळ दरीत असे तीन हौशी होते. वरच्या टोकाला ग्रापा वाडीत लोयझे, मधमाश्या पाळणारा, बिनलग्नाचा. मधल्या वाडीत झोफ्का. आणि खाली रस्त्याकडेच्या गावात टिल्का, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. सात वाजून पाच मिनिटांनी लोयझेचा झोफ्काला फोन यायचा, झोफ्काचा टिल्काला जायचा, आणि टिल्का तिन्ही आकडे खात्याला कळवायची.

त्या उन्हाळ्यात मात्र कळवायला काही नव्हतंच. चौऱ्याहत्तर दिवस शून्य. डब्याच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि झोफ्काने ते काढलं नव्हतं, कारण त्या बिचाऱ्यालाही काही मिळत नव्हतं. झरे आटले, अग्निशामक दलाची पोरं टाकीतून पाणी आणून द्यायला लागली.

"आज केवढं शून्य आलं गं?" तिचा नवरा येर्नेय रोज विचारायचा.

"कालच्याएवढंच."

"मग वाढलं नाही म्हणायचं. चांगलं आहे."

येर्नेयला दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. डावा हात आणि डावा खांदा कामातून गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. झोफ्का म्हणायची, देवाने वाटणी करताना चूक केली.

नऊ सप्टेंबरच्या रात्री पाऊस आला. सकाळी लोयझेचा फोन सातला तीन मिनिटं असतानाच वाजला, इतका त्याला दम निघत नव्हता. त्याच्याकडे १८.२, झोफ्काकडे २३.५, टिल्काकडे २०.१. असंच असतं. दोन अंगणांत पाऊस कधी सारखा पडत नाही, हे मोजणाऱ्यांनाच ठाऊक असतं. बाकीचे लोक आपलं "खूप पडला" म्हणतात आणि मोकळे होतात.

२

तिसऱ्या सकाळी लोयझे म्हणाला, "एकसष्ट पॉइंट चार."

झोफ्काने हातातल्या वहीकडे पाहिलं. तिनेही आताच एकसष्ट पॉइंट चार लिहिलं होतं.

"माझ्या खिडकीतून डोकावतोस की काय?"

"या वयात? तुझ्या खिडकीत आहे कोण, येर्नेय!"

दोघं हसली. टिल्काला फोन लावला तर तिचेही एकसष्ट पॉइंट चार. ग्रापा आणि टिल्काचं गाव यांच्यात सहा किलोमीटर अंतर आणि चारशे मीटरचा उतार. टिल्का हसली नाही.

पाऊस रात्रीचाच पडायचा. दिवसा आभाळ भरलेलं, पण थेंब नाही. चौथ्या सकाळी तिघांकडे ४८.७. पाचव्या सकाळी टिल्काचा आवाज वर्गावर ओरडल्यासारखा आला.

"हे बघ झोफ्का, छत्तीस वर्षं शाळेत काढलीत मी. कॉपी मला वासाने कळते. तो लोयझे आकडा सांगतो आणि तू तोच मला देतेस. उठायचा कंटाळा येतो का आता?"

झोफ्काला राग आला तो असा की कानशिलं गरम झाली. टपाल कचेरीत बावीस वर्षं तिच्या हातून एक पाकीट गहाळ झालं नव्हतं. "मग आज तू आधी सांग," ती म्हणाली. "मी वही समोर धरलीय. शाई अजून ओली आहे."

टिल्काने आधी सांगितलं. त्र्याहत्तर पॉइंट शून्य. झोफ्काच्या वहीतही त्र्याहत्तर पॉइंट शून्य होतं. लोयझेचेही तेवढेच होते, हे तिने सांगायची गरज उरली नाही.

पलीकडून टिल्काने वहीची पानं मागे उलटल्याचा आवाज आला.

"खात्यातल्या लोकांनी हे पाहिलं ना," टिल्का शेवटी म्हणाली, "तर म्हणतील तिन्ही थेरडी घरबसल्या आकडे लावतात. एकतीस वर्षांच्या नोंदी रद्दीत जातील. मी लोयझेचा दोनने कमी करते, तुझा दीडने वाढवते. नैसर्गिक दिसेल."

झोफ्काने आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती. तरी ती "बरं" म्हणाली. आणि हो, तिला सुटल्यासारखंही वाटलं. खोटा आकडा खऱ्यापेक्षा जास्त शहाणा दिसत होता.

३

त्याच दिवशी ती लाकडं आणायला मागच्या खोपटात गेली. फळीवर तिचा जुना पर्जन्यमापक होता, खात्याने नवा दिल्यापासून तिथेच पडून असलेला. लाकूड काढताना तिचा कोपर त्याला लागला आणि डबा हलला नाही, इतका जड झाला होता.

आत पाणी होतं.

तिने वर पाहिलं. छप्पर येर्नेयने झटका यायच्या आदल्या वर्षीच नवं घातलं होतं. कुठे डाग नाही. फळीवर बोटभर धूळ, कोरडी. जमिनीवर लाकडाचा भुसा, तोही कोरडा. ती माप घेऊन आली. पाणी तीन हप्त्यांत मोजावं लागलं. आकडे सारखे आले त्या तीन रात्री मिळून किती पडला होता त्याची बेरीज तिला पाठ होती, तरी तिने कागदावर पुन्हा केली. एकशे त्र्याऐंशी पॉइंट एक. मापानेही तेच सांगितलं.

उंदीर, ती स्वतःशी म्हणाली, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. उंदीर काय मोजून पाणी भरतात?

घरात येऊन ती स्वयंपाकघरात उभी राहिली. काल रात्री धुऊन ओट्यावर ठेवलेले कॉफीचे दोन पेले तिने अजून पाहिले नव्हते, सकाळची कॉफी कपाटातल्या कपांतून झाली होती. आता पाहिले. दोन्हींत पाणी. शिवणाच्या पेटीतली लाकडी पट्टी आणून तिने आत उभी धरली. त्र्याहत्तर मिलिमीटर, केसभर इकडेतिकडे. खिडकीत काल धुऊन ठेवलेल्या फुलदाणीत तेवढंच. रात्री रिकामी करून दाराशी ठेवलेल्या बादलीत तेवढंच. पण ओटा कोरडा, खिडकी कोरडी, फरशी कोरडी. ज्याला वर तोंड होतं त्यात पाऊस पडला होता, घराला छप्पर नसतं तर जेवढा पडला असता तेवढाच.

तिने लोयझेला फोन केला. तो आधी हसला आणि मग हसायचा थांबला.

"माझ्या बुटांत पाणी होतं काल," तो म्हणाला. "दोन्ही बुटांत. मी मांजराला शिव्या घातल्या."

"किती खोल?"

"बुटांचं पाणी कोण मोजतं, झोफ्का? मी ओतून दिलं." मग तो म्हणाला, "सकाळी खोकत उठलो मात्र. घसा भरून आल्यासारखा. सर्दी असणार. मधात आलं घालून घेतो."

तिच्या मनात त्या क्षणी एक विचार आला होता. तो बोलून दाखवायला ती धजावली नाही. सदुसष्ट वर्षांची शहाणीसुरती बाई असलं काही म्हणते का? "पेले पालथे घालून ठेव," एवढंच ती म्हणाली.

खोलीत येर्नेय शेगडीजवळच्या खुर्चीत झोपला होता. झटक्यापासून त्याला आडवं झोपवत नसे, खांदा ठणकायचा. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून तो घोरायचा. झोफ्का त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. रात्री पाऊस सुरू झाला तशी तिने स्टूल ओढून घेतलं आणि त्याच्या हनुवटीखाली हात धरून ती उजाडेपर्यंत जागी राहिली. काही झालं नाही. पहाटे तिला स्वतःचं हसू आलं.

४

सातला ९६.२. सात वाजून पाच झाले, दहा झाले, वीस झाले. लोयझेचा फोन आला नाही.

टिल्का तिची छोटी गाडी घेऊन आली. शेजारची पोरगी येर्नेयजवळ बसली आणि दोघी वर ग्रापाला गेल्या. वाटेत टिल्का पुलाखालच्या नदीबद्दल बोलत राहिली आणि झोफ्का पुन्हा पुन्हा लोयझेचा नंबर लावत राहिली.

लोयझे बिछान्यावर उताणा होता. पांघरूण छातीपर्यंत नीट ओढलेलं, उशी कोरडी, चादर कोरडी. तोंड उघडं होतं. डोळेही. टिल्काने त्याच्या कपाळाला हात लावला आणि ती खाली बसली.

रुग्णवाहिकेतून आलेला डॉक्टर तरुण होता, घाईत होता आणि चांगला होता. "हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साचतं," तो म्हणाला. "झोपेतच गेले. त्रास झाला नसेल."

मग दोघा माणसांनी त्याला स्ट्रेचरवर घ्यायला कुशीवर वळवलं, आणि त्याच्या तोंडातून पाणी आलं. फेस नाही, रक्त नाही. स्वच्छ, थंड पाणी, खूप वेळ येत राहिलं. एकाची बाही कोपरापर्यंत भिजली, त्याने शिवी हासडली आणि मग मेलेल्या माणसासमोर शिवी दिली म्हणून छातीवर क्रूस काढला. जमिनीवर जे थारोळं झालं त्यात पाइनचं एक हिरवं, सुईसारखं पान तरंगत होतं. पर्जन्यमापकात नेहमी सापडतात तसलं. खोलीची खिडकी बंद होती.

"तू पाहिलंस ना?" गाडीत झोफ्काने विचारलं.

"मी काहीही पाहिलं नाही," टिल्का म्हणाली. तिने गाडी सुरू केली. "डॉक्टर शिकलेला माणूस आहे. तो सांगतो ते ऐक."

"आपण खरे आकडे कळवले असते तर कुणीतरी विचारायला आलं असतं, टिल्का. निदान फोन तरी केला असता."

टिल्का रडायला लागली. झोफ्काला रडू येत नव्हतं. लोयझेला स्पष्ट सांगितलं असतं की बाबा रे, आज पालथा झोप, तर त्याने आयुष्यभर चिडवलं असतं. आयुष्यभर चिडवायला तो राहिला तरी असता.

५

घरी पोचल्यावर तिने तोंड असलेली प्रत्येक वस्तू पालथी घातली. पेले, पातेली, बादल्या, फुलदाण्या, बूट, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तानसुद्धा.

"घराचं काय समुद्रात उलटलेलं जहाज करतेस?" येर्नेय म्हणाला.

तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने मधे विनोद केला नाही, यावरून तिला कळलं की तो घाबरला आहे.

"लोयझे बिचारा," तो म्हणाला. मग, "माझं तोंड मिटत नाही गं. तुला ठाऊकच आहे."

"आज पोलोनाकडे जायचं," ती म्हणाली.

पोलोना त्यांची मुलगी, समुद्राकाठी पिरानला राहायची. तिथे थेंबसुद्धा पडला नव्हता. ती फोनवर आधी ओरडली, मग म्हणाली, "आई, तू झोपलेली नाहीस ना? आवाजावरून कळतंय. मी निघते लगेच, तुम्हा दोघांना घेऊन येते." दीड वाजता तिचाच फोन आला. दरीच्या तोंडाशी दरड कोसळली होती. रस्ता उद्या सकाळी आठला उघडतील, असं पोलीस म्हणत होते. "एक रात्र काढ, आई. बाबांना सांभाळ."

एक रात्र. तिने हिशेब केला. त्याला टेबलाशी बसवायचं, हातावर कपाळ टेकवून पुढे झोपू द्यायचं, आपण जागायचं. सोपं होतं. दोन वर्षं ती याहून अवघड कामं करत आली होती.

पण तीन वाजता, पहिल्यांदाच, दिवसा पाऊस सुरू झाला. ती तेव्हा खोपटात लाकडं भरत होती. पाटी टाकून ती धावली. अंगण वीस पावलांचं, पण गुडघे वीस वर्षांचे नव्हते. आत आली तेव्हा येर्नेय खुर्चीत मागे कलंडून झोपला होता आणि घोरत नव्हता.

ती त्याच्यावर वाकली.

त्याचं उघडं तोंड ओठांच्या कडेपर्यंत भरलं होतं. पाणी स्वच्छ होतं, खालची जीभ दिसत होती. आणि त्या एवढ्याशा पाण्यावर बारीक वर्तुळं उमटत होती. एक इथे, एक तिथे, मग दोन एकदम, डबक्यावर पाऊस पडताना उमटतात तशी. तिने आपला हात त्याच्या तोंडावर आडवा धरला. हाताच्या वरच्या बाजूला काहीच लागलं नाही. हाताखाली वर्तुळं उमटतच राहिली.

तिने दोन्ही हातांनी त्याला पुढे लोटलं. पाणी त्याच्या मांडीवर, तिच्या पायांवर, फरशीवर ओतलं गेलं. तो ओकला, खोकला, निळा पडला, पुन्हा खोकला आणि मग इतक्या जोरात श्वास ओढला की तिला तो आवाज जगातला सगळ्यात गोड आवाज वाटला.

"नदीत पडलो होतो," तो म्हणाला. "स्वप्नात. तू काठावरून आकडे वाचत होतीस."

ती त्याच्या भिजलेल्या मांडीवर डोकं ठेवून रडली, लोयझेसाठी आणि याच्यासाठी एकदमच.

६

साडेपाचपर्यंत ती चालत राहिली. बसली की डोळे मिटायचे. छत्तीस तास झाले होते. ती टेबलाशी येऊन येर्नेयला काहीतरी सांगत होती आणि वाक्याच्या मधेच उभ्या उभ्या झोपली, भिंतीवर आपटली तेव्हा जागी झाली.

"बस झालं," येर्नेय म्हणाला. "तू पड दोन तास. मी आता झोपून उठलोय, तेही पोहून. मला झोप येणार नाही. मग रात्रभर तू बघ."

"तू पाच मिनिटांत डुलक्या काढतोस."

"मी मोठ्याने आकडे मोजतो. थांबलो तर तुझ्या कानाला कळेल. एकतीस वर्षं तू मोजलंस, आज एक दिवस मला मोजू दे." मग हलक्या आवाजात तो म्हणाला, "तू पडलीस तर मला उद्या इथून उचलणार कोण, झोफ्का?"

ते खरं होतं. तिने त्याला घट्ट कॉफी करून दिली, पेला त्याच्या हातात दिला आणि रिकामा झाल्यावर पालथा घातला. खुर्ची दाराकडे वळवली. तो जागा राहणार होता, म्हणून मागे टेकून नीट बसला. तिने गजर रात्री आठचा लावला आणि आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून ती पालथी पडली. दार उघडं होतं.

"एक," येर्नेय म्हणाला. "दोन. तीन. अजून जागा आहे, बाईसाहेब. चार."

पत्र्यावर पाऊस एकसारखा कोसळत होता. शंभरपर्यंत तिने ऐकलं. दीडशेला तो एक जुनं मोर्चाचं गाणं मधेच गुणगुणला आणि पुन्हा मोजायला लागला. दोनशे चाळीस. दोनशे एकेचाळीस. त्याचा आवाज इतका ओळखीचा आणि इतका जागा होता की तिला दोन वर्षांत पहिल्यांदाच वाटलं, कुणीतरी आपली काळजी घेतंय. त्या सुखातच तिला झोप लागली.

७

गजर वाजला असेल तर तिला ऐकू आला नव्हता. खिडकीत उजेड होता. घड्याळात सातला दहा मिनिटं कमी होती. पाऊस थांबला होता, आणि घरात कसलाच आवाज नव्हता.

सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. तो तिच्या हाताशीच होता, शेगडीजवळच्या स्टुलावर. तिने तिसऱ्या घंटीला उचलला.

"झोफ्का? झोपलीस ना थोडी?" टिल्काचा आवाज बसला होता. "रस्ता उघडतायत म्हणे. ऐक, मी रात्रभर विचार केला. आजपासून खरे आकडे द्यायचे. हसले तर हसू देत. माझे एकशे एकतीस पॉइंट आठ आलेत. तुझे?"

"एकशे बारा," झोफ्का म्हणाली. "साधारण. पट्टीवर दशांश दिसत नाहीत."

"एकशे बारा?" टिल्काने विचारलं. मग तिचा आवाज एकदम उजळला. "वेगळे आले! अगं, वेगळे आले! म्हणजे संपलं ते. ऐकतेयस ना?"

"तेवढेच आहेत, टिल्का. माझ्या आकड्यात दुपारचे नाहीत. दुपारचं पाणी ओतून गेलं होतं."

"सातच्या आधी ओतलंस? तू? आणि पट्टी कशाला, काचेचं माप फुटलं का?"

"नाही. माप बाहेर आहे, खांबापाशी." झोफ्काने पट्टी एप्रनला पुसली आणि स्टुलावर ठेवली. "मी अजून बाहेर गेलेच नाही."